पाइपलाइनची कपॅसिटी विकायला उपकंपनी काढताय? आधी गॅस कुणाच्या नावावर ते ठरवा

अमेरिकेतल्या गॅसचा दिवस तिथल्या सेंट्रल टाइमनुसार सकाळी नऊला सुरू होतो. पुण्यात तेव्हा, उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे, संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. दुसऱ्या दिवशीचा गॅस नोंदवायची पहिली मोठी मुदत तिथे दुपारी एकची, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराची. बरीच वर्षं मी या साडेअकराच्या आगेमागे कॉम्प्युटरसमोर बसलो आहे. आधी नॉमिनेशन, म्हणजे उद्या किती गॅस कुठून कुठे न्यायचा याची नोंद, टाकायला, नंतर दुसऱ्यांनी टाकलेली तपासायला.

या कामात दर दोन-तीन वर्षांनी एक ईमेल येतोच. ‘१ नोव्हेंबरपासून आपली कपॅसिटी नव्या कंपनीच्या नावावर जाईल, कृपया कॉन्ट्रॅक्ट नंबर बदलून घ्यावेत.’ कपॅसिटी म्हणजे पाइपलाइनमधून रोज ठरावीक गॅस नेण्याचा भाड्याने घेतलेला हक्क. ईमेल वाचायला दोन ओळी, पण त्यात नियमांचं एक अख्खं जंजाळ दडलेलं असतं. ईमेल पाठवणाऱ्याला वाटतं, कंपनी स्थापन झाली की झालं. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात कंपनी एका दिवसात उभी राहते. पाइपमधल्या गॅसला मात्र तुमच्या कंपन्यांचा तक्ता ठाऊक नसतो. तो रोज कुणाच्या तरी नावावर वाहतो, आणि नियामक पाहतो ते नाव. पुढचं सगळं या एका मुद्द्याभोवती फिरतं.

नियामक म्हणजे फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन. तिकडे सगळे त्याला ‘फर्क’ म्हणतात. मराठी कानाला तो ‘फरक’ ऐकू येतो आणि कामही तेच आहे: दोन कंपन्या एकाच मालकाच्या असल्या तरी हा त्यांच्यात फरक करतो.

पायरी १: उपकंपनी खरंच लागते का?

एक हिशेब मांडू. एका कारखान्याकडे आंतरराज्य पाइपलाइनवर रोजची ५०,००० डेकाथर्मची (हे गॅसमधली उष्णता मोजायचं एकक) पक्की कपॅसिटी आहे आणि त्याला लागतात ३०,०००. उरलेल्या २०,००० चं आरक्षण भाडं, समजा डेकाथर्ममागे ३० सेंट, रोज ६,००० डॉलर होतं. महिन्याला १ लाख ८० हजार डॉलर नुसते पाइपमध्ये पडून. एवढा आकडा पाहिला की कुणाच्याही मनात ‘एक ट्रेडिंग कंपनी काढू’ येणारच.

पण नुसती जादा कपॅसिटी भाड्याने द्यायची असेल तर कंपनी काढायची गरज नाही. १९९२ च्या ऑर्डर ६३६ ने पाइपलाइन कंपन्यांचा गॅस विकण्याचा धंदा वाहतुकीपासून वेगळा काढला आणि कपॅसिटी रिलीजचा, म्हणजे आपली कपॅसिटी दुसऱ्याला भाड्याने देण्याचा, बाजार उभा केला. कारखाना स्वतःच्या नावानेच पाइपलाइनच्या इलेक्ट्रॉनिक फलकावर जादा कपॅसिटी टाकू शकतो. उपकंपनीला अर्थ येतो तो रिकाम्या पाइपमध्ये बाहेरचा गॅस विकत घेऊन, भरून, पुढे विकायचा असेल तेव्हा. ट्रेडिंगची जोखीम मूळ धंद्यापासून दूर ठेवायची असेल तेव्हाही. हे दोन्ही नसेल तर थांबा. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या प्रस्तावांना इथेच ‘नको’ म्हणायला हवं होतं.

पायरी २: गटात कोण कोण आहे, ते कागदावर मांडा

मालकीचा तक्ता काढा आणि प्रत्येक कंपनीपुढे तीन खुणा करा: हिची पाइपलाइन आहे का, ही शहर गॅस पुरवते का, हिच्या विहिरी आहेत का. अर्धवट हिस्सेसुद्धा धरा. फर्कच्या आचारसंहितेत १० टक्के किंवा त्याहून जास्त मताधिकार असला की नियंत्रण आहे असं गृहीत धरलं जातं. तसं ते नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर.

खुणा कशासाठी? गॅसची ‘पहिली विक्री’ फर्कच्या अखत्यारीतून केव्हाच बाहेर गेली आहे. पण पाइपलाइन कंपनी, शहर गॅस कंपनी किंवा त्यांची सहयोगी कंपनी यांनी केलेली विक्री, गॅस त्यांच्या स्वतःच्या विहिरींचा नसेल तर, ‘पहिली विक्री’ धरली जात नाही. म्हणजे गटात कुठे तरी एक शहर गॅस कंपनी असली की तुमच्या नव्या उपकंपनीची पुनर्विक्री फर्कच्या कक्षेत येते. परवाना मागायला जावं लागत नाही, तो सरसकट दिलेलाच आहे. मात्र त्याच्यासोबत आचारनियमही येतात: भाव निर्देशांक छापणाऱ्यांना किमती कळवायच्या तर खऱ्याच कळवायच्या, आणि दप्तर पाच वर्षं जपायचं.

गटात शहर गॅस कंपनी असेल तर राज्याचा आयोगही दारात उभा असतो. ग्राहकांच्या बिलांतून भाडं भरलेल्या कपॅसिटीवर उपकंपनीने नफा कमावला तर त्यातलं ग्राहकाचं किती, हा त्याचा पहिला प्रश्न. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, त्यामुळे इथे स्थानिक वकील धरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ३: कागद आधी, कपॅसिटी नंतर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून इथे जरा बसतो.

नियम असा: ज्या शिपरच्या, म्हणजे पाइपलाइनच्या गिऱ्हाइकाच्या, नावावर कपॅसिटी, त्या कपॅसिटीतून वाहणारा गॅसही त्याच्याच मालकीचा हवा. आई-मुलगी कंपन्यांनाही यात सूट नाही. ‘पैसा शेवटी एकाच खिशात जातो’ हा युक्तिवाद फर्कने कधी मानलेला नाही. कारण साधं आहे. माझ्या नावाच्या पाइपमधून मी कुणाचाही गॅस वाहू लागलो, तर कपॅसिटीचा बाजार उघड फलकावरून उठून बंद खोलीत जाईल.

एका ठिकाणी पाहिलेला प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव नको. १ नोव्हेंबरला हिवाळी हंगाम सुरू झाला, कपॅसिटी ठरल्याप्रमाणे उपकंपनीच्या नावावर गेली. शेड्युलिंगच्या पोराने ड्रॉपडाउनमधून नवा कॉन्ट्रॅक्ट नंबर निवडला, नॉमिनेशन मंजूर झालं, गॅस कारखान्यात पोचला. सगळं हिरवं. अकरा दिवसांनी अकाउंट्समधल्या मुलीने विचारलं, “सर, विकणाऱ्याचं इनव्हॉइस जुन्या कंपनीच्या नावाने आलंय, पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे?” तेव्हा कुणाच्या तरी पोटात गोळा आला. गॅसची खरेदी अजून मूळ कंपनीच्याच करारांवर चालू होती, कारण नव्या कंपनीचे विक्रेत्यांशी करारच झाले नव्हते. अकरा दिवस उपकंपनीच्या पाइपमधून मूळ कंपनीचा गॅस वाहत होता, आणि मोजायला गेलं तर प्रत्येक दिवस हे वेगळं उल्लंघन.

त्याहून गंमत त्यावर सुचवलेल्या तोडग्याची. कुणी तरी म्हणालं, “सोपं आहे. मूळ कंपनी गॅस पाइपच्या तोंडाशी उपकंपनीला विकेल, उपकंपनी वाहून नेईल आणि कारखान्याच्या दारात मूळ कंपनीलाच परत विकेल. मालकीचा प्रश्न मिटला.” मालकीचा मिटला, पण दुसरा उभा राहिला. एकाकडूनच घ्यायचं, वाहायचं आणि त्यालाच परत विकायचं, याला तिकडे ‘बाय-सेल’ म्हणतात आणि तेही मना आहे. आगीतून फुफाट्यात.

मग बरोबर क्रम कोणता?

आधी उपकंपनीचे स्वतःचे खरेदी-विक्री करार करा. तिकडे बहुतेक सगळे नेज्बी या ऊर्जा उद्योगाच्या मानक संस्थेचा छापील पायाभूत करार वापरतात. तो प्रत्येक विक्रेत्याशी उपकंपनीच्या नावाने सही झालेला हवा, आणि विक्रेत्याने तिची पत मान्य केलेली हवी. उपकंपनी गॅस बाहेरच्यांकडून थेट विकत घेईल आणि कारखान्याच्या दारात मूळ कंपनीला विकेल. मधली उलटी विक्री नाही. मूळ कंपनीचे जुने खरेदी करार अजून संपायचे असतील, तर ते उपकंपनीच्या नावावर करून घ्या किंवा तेवढ्या गॅसापुरती कपॅसिटी मूळ कंपनीकडेच राहू द्या.

त्यानंतर उपकंपनीचा स्वतंत्र डन्स क्रमांक (कंपनीची ओळख पटवणारा नंबर), पाइपलाइनच्या पोर्टलवरचं खातं आणि ते वापरणाऱ्यांचे अधिकार. मूळ कंपनीचीच माणसं उपकंपनीसाठी नॉमिनेशन टाकणार असतील तर लेखी एजन्सी करार करा आणि तो पाइपलाइनकडे नोंदवा. एजंट दुसऱ्याच्या कपॅसिटीवर काम करू शकतो, पण गॅसची मालकी एजंटची होत नाही. या दोन गोष्टी भल्याभल्यांकडून मिसळल्या जातात.

हे सगळं हातात आल्यावर कपॅसिटी हलवा.

पायरी ४: कपॅसिटी नव्या नावावर नेणे

मुलीला द्यायची म्हणून आईला वेगळा दरवाजा नाही. रिलीजचे जे नियम परक्याला, तेच इथे. सौदा आधी ठरवून ठेवता येतो, पण तो फलकावर टाकावा लागतो. आणि सूट नसेल तर तो बोलीसाठी खुला होतो. परक्याने जास्त बोली लावली तर तुमच्या उपकंपनीला तेवढाच भाव देऊन कपॅसिटी राखता येते. पण मग मूळ हिशेब कोलमडतो.

बोलीतून सूट मिळण्याचे रस्ते मोजके आहेत. वर्षापेक्षा जास्त मुदतीचं रिलीज पाइपलाइनच्या कमाल दराने असेल तर बोली लागत नाही. ३१ दिवस किंवा त्याहून कमी मुदतीचं असेल तरीही नाही. २००८ च्या ऑर्डर ७१२ पासून वर्षापर्यंतच्या रिलीजवरची कमाल दराची मर्यादा उठली आहे. हिवाळ्यात थंडीची लाट आली की याचं महत्त्व कळतं.

३१ दिवसांच्या सवलतीत एक सापळा आहे. असं रिलीज संपल्यावर त्याच शिपरला बोलीशिवाय पुन्हा द्यायचं तर २८ दिवस थांबावं लागतं. यावर ‘हुशार’ मंडळींनी शोधलेली युक्ती म्हणजे दोन सहयोगी कंपन्या ठेवायच्या, एक महिना हिला, एक महिना तिला. याला फ्लिपिंग म्हणतात. यासाठी २००० नंतरच्या दशकात कंपन्यांनी लाखो डॉलर दंड भरला आहे. उपकंपनी काढण्याच्या प्रस्तावात कुणी ‘दोन काढू, सोयीचं पडेल’ म्हणालं, तर सोय नेमकी कसली ते विचाराच.

तिसरा रस्ता ॲसेट मॅनेजमेंटच्या कराराचा, आणि माझ्या मते कारखान्यांसाठी आणि शहर गॅस कंपन्यांसाठी हाच सगळ्यात चांगला. यात कपॅसिटी व्यवस्थापकाला देतात, पण अट असते: मी मागेन तेव्हा रिलीज केलेल्या दैनंदिन प्रमाणाच्या १०० टक्क्यांपर्यंत गॅस तू मला द्यायचास किंवा माझ्याकडून घ्यायचास. वर्षापर्यंतच्या रिलीजमध्ये ही जबाबदारी किमान पाच महिने, म्हणजे १५५ दिवस असावी लागते. रिलीजची मुदतच त्याहून कमी असेल तर पूर्ण मुदतभर. अशा रिलीजला बोलीतून सूट आहे, शिवाय बांधील विक्रीच्या बंदीचे काही काटेही इथे बोथट होतात. एरवी ‘कपॅसिटी घे, पण गॅस माझ्याकडूनच घे’ अशी अट घालता येत नाही. व्यवस्थापक तुमची उपकंपनी असली तरी हा रस्ता खुला आहे, फक्त गॅस देण्याची जबाबदारी नावापुरती नको.

कपॅसिटीसोबत खरेदी करार, साठवण, सगळी मोट एकदम हलवायची असेल तर फर्ककडे तात्पुरत्या सवलतीचा अर्ज करतात. गटांतर्गत पुनर्रचना हे त्यासाठीचं ओळखीचं कारण आहे. कोणते करार, कोणत्या पाइपलाइन, कुठल्या तारखेपर्यंत, हे अर्जात नेमकं लिहा. आदेश येईपर्यंत काहीही हलवू नका.

पायरी ५: नव्या कपॅसिटीसाठी दोन हात वर करू नका

कोलोरॅडोतून कॅन्ससकडे जाणाऱ्या शायेन प्लेन्स पाइपलाइनने २००७ मध्ये कपॅसिटीसाठी ओपन सीझन घेतला, म्हणजे सगळ्यांकडून खुल्या बोली मागवल्या. रॉकी पर्वतातला गॅस तेव्हा स्वस्तात पडून होता, त्यामुळे बाहेर नेणाऱ्या पाइपला सोन्याचा भाव. बोली कपॅसिटीपेक्षा खूप जास्त आल्या, सगळ्या बरोबरीच्या, म्हणून प्रत्येकाला प्रमाणात वाटून द्यायचं ठरलं. आणि काही गटांनी एकाऐवजी अनेक सहयोगी कंपन्यांच्या नावाने बोली लावल्या होत्या. पंगतीत एकाच घराने पाच पानं मांडावीत तसा प्रकार.

फर्कने चौकशा केल्या, समझोते झाले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये ऑर्डर ८९४ आली. जिथे प्रमाणात वाटप होऊ शकतं, अशा ओपन सीझनमध्ये एकाच गटाच्या अनेक कंपन्यांनी बोली लावायची तर प्रत्येकीकडे स्वतःचं स्वतंत्र व्यावसायिक कारण हवं. त्यातही प्रमाणात वाट्याला आलेली कपॅसिटी नंतर आपसांत फिरवता येत नाही. तेव्हा बोलीच्या आधी गटातल्या सगळ्यांना विचारा, ‘तुम्हीही लावताय का?’ आणि लावत असाल तर कारण त्याच दिवशी लिहून ठेवा. चौकशीच्या दिवशी लिहिलेल्या कारणाला काही किंमत नसते.

पायरी ६: पाइपलाइन आपल्याच घरची असेल तर

घरच्या पाइपलाइनशी उपकंपनी वाहतुकीचे व्यवहार करणार आणि पुनर्विक्रीही करणार, तर आचारसंहिता पूर्ण लागू होते. हिचा इतिहास लांबलचक आहे: १९८८ ची ऑर्डर ४९७, २००३ ची २००४ क्रमांकाची ऑर्डर, ती गॅस पाइपलाइनांपुरती २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने रद्द केली, आणि मग २००८ ची ऑर्डर ७१७. आज चालते ती शेवटची.

सार एवढंच: पाइप चालवणारी माणसं वेगळी, गॅस विकणारी वेगळी. पाइपची अप्रकाशित माहिती विकणाऱ्यांपर्यंत कुठल्याही वाटेने पोचता कामा नये. पाइपलाइनच्या वेबसाइटवर सहयोगी कंपनीचं नाव-पत्ता झळकला पाहिजे, बदल झाला तर सात कामकाजाच्या दिवसांत. नव्या माणसाला ३० दिवसांत प्रशिक्षण, मग दरवर्षी. एक मुख्य अनुपालन अधिकारी, नावासकट जाहीर.

‘कुठल्याही वाटेने’ हे शब्द पुण्यातल्या सामायिक सेवा केंद्रांनी अधोरेखित करावेत. दोन्ही कंपन्यांचं काम एकाच मजल्यावर, एकाच कॅन्टीनला. कंप्रेसर दुरुस्तीची तारीख अजून जाहीर झालेली नाही आणि ती चहाच्या टेबलावरून ट्रेडिंगकडे गेली, तर ती नेणारा माणूस कुठल्या कंपनीच्या पगारावर आहे याला महत्त्व नाही.

पायरी ७: पत

नवी कंपनी म्हणजे पत शून्य. चालू पाइपलाइनवर साधारण तीन महिन्यांच्या आरक्षण भाड्याएवढी हमी मागितली जाते, आणि ती मूळ कंपनीच्या हमीपत्राने भागते. तात्पुरत्या रिलीजमध्ये मूळ शिपर भाड्याच्या जबाबदारीतून सुटत नाही, हे मात्र संचालकांना आधी सांगा. त्यांना वाटत असतं जोखीम वेगळी झाली.

पायरी ८: सौदे सुरू झाल्यावर

२००५ च्या ऊर्जा कायद्याने फर्कला बाजारातल्या हेराफेरीविरुद्ध हत्यार दिलं आणि दंडाची मर्यादा रोज, प्रत्येक उल्लंघनामागे १० लाख डॉलर केली. महागाईप्रमाणे वाढत ती आता १५ लाखांच्या पुढे आहे.

कपॅसिटीशी याचा संबंध बीपी या तेल कंपनीच्या टेक्सासमधल्या प्रकरणात स्पष्ट दिसतो. २००८ मध्ये आइक वादळानंतर तिच्या ट्रेडर्सनी केटीहून ह्यूस्टन शिप चॅनलला गॅस वाहून तिथे विकला. फर्कचा निष्कर्ष असा की ही वाहतूक नफ्यासाठी नव्हती, तर तिथला भाव खाली रेटून आपल्या वायदे सौद्यांचा फायदा करून घेण्यासाठी होती. २०१६ मध्ये २ कोटी १ लाख ६० हजार डॉलरचा दंड कायम झाला. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने हेराफेरीचा निष्कर्ष उचलून धरला, पण फर्कचा अधिकार आंतरराज्य व्यापारातल्या सौद्यांपुरताच असल्याचं सांगून दंड फेरविचारासाठी परत पाठवला. तोट्यात वाहतूक करणं गुन्हा नाही. पण तोट्यात वाहतूक आणि त्याच ठिकाणचा वायदा खिशात, ही जोडी दिसली की कारण लिहिलेलं असलंच पाहिजे.

दरवर्षी १ मेपर्यंत भरायचा फॉर्म ५५२ विसरू नका. भाव निर्देशांकांवर बेतलेले किंवा त्यांत भर घालणारे घाऊक सौदे वर्षाला २२ लाख एमएमबीटीयूच्या (एक एमएमबीटीयू म्हणजे एक डेकाथर्मच) वर गेले की तो लागतो. पहिल्या वर्षी नवी कंपनी हमखास हुकवते, कारण मूळ कंपनीने तो कधी भरलेलाच नसतो.

भारतात हेच करायचं तर?

हा नकाशा इथे चालणार नाही. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २००६ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये भर आहे तो पाइपलाइन आणि विक्री एकाच हातात असणाऱ्यांवर. याच मंडळाची सहयोगी कंपन्यांसाठीची आचारसंहिता २००८ ची. २०२० पासून गॅस एक्स्चेंज चालू झालं आहे, पण तिकडच्यासारखा कपॅसिटी रिलीजचा भरभरून दुय्यम बाजार अजून नाही. म्हणून अमेरिकेतला मसुदा उचलून इथे वापरू नका.

आणि चूक सापडलीच तर

वरच्या अकरा दिवसांच्या गोष्टीत त्या मंडळींनी एक गोष्ट बरोबर केली. नॉमिनेशन त्याच रात्री थांबवून दुरुस्त केली, ईमेल आणि नोंदी जशाच्या तशा जपल्या आणि वकिलामार्फत फर्कच्या अंमलबजावणी विभागाला स्वतःहून कळवलं. स्वतः कळवलेल्या, लहान आणि लगेच दुरुस्त केलेल्या चुकांच्या फायली तो विभाग बऱ्याचदा दंडाविना बंद करतो. या प्रकरणातही तसंच झालं, पण उत्तर यायला कित्येक महिने लागले आणि तोवर त्या पोराची झोप उडालेली होती.

तेव्हापासून नव्या कंपनीच्या पहिल्या महिन्यात मी एक साधी एक्सेल शीट चालवतो. रोज तीन रकाने: कॉन्ट्रॅक्ट कुणाच्या नावावर, पाइपच्या तोंडाशी गॅस कुणी विकत घेतला, शेवटाला कुणी कुणाला विकला. पहिले दोन जुळले नाहीत किंवा तिसऱ्यातला गिऱ्हाईक आणि सुरुवातीचा विक्रेता एकच निघाला, तर ओळ लाल होते. साडेअकराच्या मुदतीआधी, म्हणजे साधारण अकराला, ती शीट उघडायची. लाल ओळ असेल तर ट्रेडरला फोन लावायचा, त्याच्याकडे तेव्हा जेवणाची वेळ असली तरी.